दर ओहोटीला

नवव्या महिन्याच्या अखेरीस खाजणात लाल डोक्यांचे खांब उभे राहिले. एका ओहोटीला नव्हते, पुढच्या ओहोटीला होते. आ-ताय फळी ढकलत आपल्या पट्ट्यापाशी पोचली तेव्हा एक खांब बरोबर तिसऱ्या वर्षाच्या कालवांमध्ये ठोकलेला दिसला. कालवं धरावीत म्हणून गाळात मांडलेल्या भोवतीच्या कौलांचा चुरा झाला होता. फुटलेली कालवं तोंड उघडून पडली होती. तिनं एक उचललं, बोटानं आतला गाळ काढला आणि होतं तिथं ठेवून दिलं.

मागून बापाची फळी सळसळत आली. एक गुडघा फळीवर टेकलेला, दुसऱ्या पायानं चिखल मागे लोटत यिउ-सांग असा यायचा की त्रेचाळीस वर्षांचा माणूस आहे असं वाटू नये. तो थांबला, खांबाकडे बघितलं, मग कालवांकडे.

"कुणाचा हा?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही, आ-पा. पार मधल्या नाल्यापर्यंत आहेत. मी एकतीस मोजले."

"लाकूड चांगलं आहे," तो म्हणाला, आणि फळी वळवून कौलं उलटायला लागला. थंडीच्या तोंडाशी कौलं उलटली नाहीत की खालच्या अंगाची कालवं गाळात गुदमरतात. खांब असो की नसो, ते काम त्या ओहोटीला व्हायचंच होतं.

नाय-ताउ गावात संध्याकाळपर्यंत कळलं की इंग्रज सरकारनं शहरातल्या कुणा कंपनीला खाजण दिलंय. बांध घालणार, गाळ भरणार.

"भरून करणार काय?" साम-सुक म्हणाला. साम-सुक म्हणजे तिसरा काका, यिउ-सांगचा चुलतभाऊ, खाडीपलीकडच्या, चीनच्या हद्दीतल्या सा-चेंगचा, पण कालवांचा पट्टा इथंच, यिउ-सांगच्या पट्ट्याला लागून. "भात लावणार की त्यावर नाचणार? खारट चिखल आहे तो. माझी सासूसुद्धा त्यात रुजायची नाही."

बायका हसल्या. यिउ-सांग हसला नाही. तो कालवं फोडायचं आकडीचं लोखंड दगडावर घासत बसला होता.

तीन दिवसांनी, पहाटेच्या ओहोटीला, गावातले पुरुष उतरले आणि खांब उपटले. पहिला पट्टा यिउ-सांगचा, म्हणून पहिला खांब त्यानं काढला. इतरांचं म्हणणं होतं, जाळून टाकू. यिउ-सांगला चांगलं लाकूड जाळवेना. त्यानं एकतीसच्या एकतीस खांब धुतले आणि भूमिदेवाच्या ठाण्यामागे लाल डोकी एका बाजूला करून रचून ठेवले. दुपारी पोलीस आले तेव्हा त्यांना काही शोधावं लागलं नाही.

"हे कोणी रचलं?" असं विचारल्यावर यिउ-सांग म्हणाला, "मी." त्याला वाटलं, नुसतं रचण्याबद्दलच विचारतायत.

तिघांना नेलं. यिउ-सांग, साम-सुक आणि साम-सुकचा मेहुणा.

*

घरात आ-तायच्या आईनं, आ-मानं, चूल पेटवली नाही. पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्यांसमोर ती जरा वेळ उभी राहिली आणि मग पाट्यांमागे हात घालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

डब्यात एकच कागद होता. आ-तायची आजी तरुणपणी नवऱ्याबरोबर दक्षिणेच्या समुद्रात, लाबुआन नावाच्या बेटावर गेली होती. तिथं इंग्रजांची कोळशाची खाण होती. यिउ-सांग तिथं जन्मला. त्याच्या जन्माची नोंद करून गोऱ्या कारकुनानं हा कागद दिला, वर सिंह, खाली लाल शिक्का. वर्ष फिरतंय तोच खाण ढासळली आणि आजोबा तिच्यातच राहिले. आजी दोन वर्षांच्या पोराला टोपलीत घालून गावी परतली. बरोबर आणलं ते एवढंच. दर नव्या वर्षाला पाट्यांबरोबर डब्यालाही उदबत्ती लागायची. यिउ-सांगला लहानपणी देवी आल्या तेव्हा आजीनं हा कागद त्याच्या उशाखाली ठेवला होता, आणि तो वाचला. "हा आहे तोवर याला कुणी हात लावणार नाही," असं ती मरेपर्यंत म्हणायची.

"घेऊन जा," आ-मा म्हणाली. "त्यांना सांग, हा पलीकडचा नाही. हा राजाचा माणूस आहे. पलीकडच्यांना ते खाडीपार हाकलून देतात. याला नाही हाकलता येणार."

"आ-मा, आधी लोय-पाकना विचारू या का?" लोय-पाक गावचे म्हातारे. खाजणातल्या वाटण्या तेच करायचे.

"लोय-पाकना इंग्रजी येतं? पाय उचल."

आ-ताय निघाली. तिच्या नावाचा अर्थ 'पाठचा भाऊ'. पाठीवर मुलगा यावा म्हणून आजीनं ठेवलेलं. मुलगा आला नाही. नाव तेवढं राहिलं, आणि मुलाची फळी तिच्याकडे आली. चोविसाव्या वर्षी तिचे तळवे एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमारासारखे झाले होते.

पोलीस ठाण्यावर पोचायला अर्धा दिवस लागला. दाराशी फेटेवाला पंजाबी शिपाई होता. त्यानं मोडक्या भाषेत विचारलं, "काय पाहिजे, ताई?" तिनं कागद दाखवला. त्यानं सिंह बघितला आणि बाजूला सरला.

आत लो नावाचा दुभाषी होता. कुणालाही बसा म्हणणारा सभ्य माणूस. त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला.

"हा कुठे होता इतके दिवस?"

"देवापाशी, सिन-सांग." शिकलेल्या माणसाला असंच म्हणायचं असतं.

"तुझा बाप ब्रिटिश प्रजा आहे, ठाऊक आहे तुला?"

"म्हणूनच आणला."

लो आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा हातात कागद नव्हता. "चांगलं केलंस," तो म्हणाला. "त्या दोघांना उद्या सीमेपार सोडतील. ते परके आहेत, त्यांना फारसं विचारावं लागत नाही. तुझ्या बापाचं तसं नाही. त्याच्यासाठी कायदा वेगळा आहे. राजाच्या प्रजेला असं उचलून टाकता येत नाही."

कोठडीच्या गजाआडून साम-सुकनं हे ऐकलं. "ऐकलंस का रे, यिउ-सांग? तू राजाचा जावई निघालास! आम्हाला चालत पाठवतायत. तुला बहुतेक पालखी धाडतील."

यिउ-सांग लेकीकडे बघत होता. "कागद दिलास?" त्यानं विचारलं.

"दिला, आ-पा."

"बरं केलंस," तो म्हणाला. "पाऊस नव्हता ना वाटेत? भिजला तर नाही?"

*

पाचव्या दिवशी यिउ-सांग घरी आला. आ-मानं त्याला उंबऱ्यातल्या निखाऱ्यांवरून पाय टाकायला लावून घरात घेतलं आणि कोंबडी कापली. लोय-पाक स्वतः येऊन बसले. आ-ताय त्या रात्री इतकी गाढ झोपली की सकाळी आईनं हलवून उठवलं.

त्याच्याबरोबर हुकूमही आला होता. लोनं तो वाचून दाखवला होता आणि यिउ-सांगला तो पाठ झाला होता. गाव सोडायचं नाही. दर सोमवारी टेकडीवरच्या चौकीत हजर व्हायचं. आणि भरतीच्या रेषेच्या खाली पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावरचा तोच पंजाबी शिपाई, आता टेकडीवरच्या चौकीत नेमलेला, चुन्याची बादली घेऊन आला. गेल्या उधाणाचा काडीकचरा जिथं अडकला होता त्या दगडांवरून त्यानं एक पांढरी रेघ ओढली. भूमिदेवाच्या ठाण्यापासून ओढ्याच्या तोंडापर्यंत. यिउ-सांग त्याच्यामागून चालत होता.

"इथे नाही," यिउ-सांग एका जागी म्हणाला. "इथे पाणी अजून हातभर वर येतं."

शिपायानं वाकून बघितलं आणि रेघ हातभर वर घेतली. आ-तायनं ते दुरून बघितलं. संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही आपली जागा हातभर कमी करून घेतलीत."

"पाणी येतं तिथपर्यंत येतं," बाप म्हणाला.

त्याच आठवड्यात साम-सुक दिसला. ओहोटीला सगळं पाणी उतरलं की खाडीच्या मधोमध एक नाला उरतो. त्याच्या अलीकडे नाय-ताउचे पट्टे, पलीकडे सा-चेंगचे. आ-ताय पट्ट्याच्या टोकाला कौलं उलटत होती तेव्हा पलीकडच्या काठावरून शीळ आली. मेहुण्याच्या पट्ट्यात, फळीवर बसून, साम-सुक विडी ओढत होता.

"काय गं पोरी! जावई कसे आहेत?"

"बरे आहेत, साम-सुक. तुम्हाला मारलं का?"

"मला? पुलापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, आता जा, वाट माहीत आहे मला." तो नाल्यात थुंकला. "माझा पट्टा तेवढा बघ. आणि त्याला सांग, बांधावर बसून बसून त्याच्या बुडाला कालवं चिकटतील."

तिनं घरी येऊन सांगितलं. यिउ-सांग पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "म्हणजे तो अजून कौलं उलटतोय."

"मेहुण्याच्या पट्ट्यात. मजूर म्हणून."

"तरी उलटतोय ना."

*

दहावा महिना कामाचा. उत्तरेचा वारा सुरू झाला की कालवं भरतात. काढायची, फोडायची, उकळायची, उरलेली बांबूच्या चटयांवर वाऱ्याला टाकायची. आ-ताय पहाटे उतरायची आणि दोन माणसांचं काम एकटीनं करायची. भरलेली टोपली फळीच्या पुढच्या टोकाला, उजवा गुडघा मागे. ओझं असलं की फळी नाक खुपसते. मग उतरून, कमरेएवढ्या गाळात उभं राहून ती उचलायची. तिचा उजवा गुडघा फुटला. त्यात खारं पाणी जाऊन तो पांढरा पडला.

यिउ-सांग रेघेच्या वर बसायचा. पहिले काही दिवस तो ओरडून सांगायचा, "डावीकडे! तिथली आधी! ती चार वर्षांची आहेत!" वारा समोरचा, शब्द मागे जायचे. तिला फक्त उघडणारं-मिटणारं तोंड दिसायचं. मग त्यानं टोपी वापरायला सुरुवात केली. टोपी डावीकडे धरली की डावीकडे जा, डोक्यावर धरली की परत ये. काठावरची पोरं त्याची नक्कल करायची. आठवड्याभरानं त्यानं तेही सोडलं.

तो बायकांच्या कोंडाळ्यात कालवं फोडायला बसू लागला. ते काम पुरुष करत नाहीत. आकडी शिंपल्याच्या सांध्यात घालून मनगटाला हलका झटका द्यायचा असतो. त्याच्या हाताला चिखल लोटायची सवय, त्यानं पहिल्या दिवशी अर्धी कालवं फाडली.

"हळू, यिउ-सांग-को," शेजारची म्हणाली. को म्हणजे दादा. "बायकोचा हात धरल्यासारखं धरायचं."

"म्हणूनच फाडतोय तो," आ-मा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तोही हसला, मान खाली घालून. बोटं रक्तानं भरली होती. ती त्यानं बादलीत बुडवली आणि पुढचं कालव उचललं. महिन्याच्या शेवटी तो सगळ्यांत सफाईनं फोडायचा. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. आ-तायला वाटायचं, बोलले असते तर बरं.

सोमवारी तो चौकीत जायचा. टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, आतून कुणीतरी त्याचं नाव चुकीचं उच्चारायचं, तो "हजर" म्हणायचा. एकदा ती मीठ आणायला टेकडीवर गेली होती, तेव्हा तिनं बघितलं. पंजाबी शिपाई बाहेर ऊन खात बसला होता.

"तुझा बाप सज्जन आहे," तो म्हणाला. "मी रेघेवर नजर ठेवतो. हा एकदाही ओलांडत नाही. कुत्र्यामागेसुद्धा."

"मग सोडा ना त्यांना."

"मी कोण?" शिपाई म्हणाला. "मला स्वतःला पाच वर्षं झाली घर बघून. मी पण राजाचाच."

*

अकराव्या महिन्यात चौकशीला बोलावलं. शिपाई स्वतः बरोबर आला, आ-तायही गेली. खोलीत एक गोरा साहेब होता, थकलेला, सर्दी झालेला. पुढ्यात फाइल होती आणि फाइलमध्ये वरचाच कागद सिंहाचा. लो शेजारी उभा होता.

त्यानं आत शिरण्याआधीच यिउ-सांगला बाजूला घेऊन समजावलं होतं. "ही साधी गोष्ट आहे, यिउ-सांग-को. तुम्ही या वसाहतीचे आहात की नाही, एवढंच बघायचंय. सलग सात वर्षं इथे राहिलेला माणूस इथलाच धरतात. तुम्ही तर जन्मभर राहिलात. विचारतील तेवढंच सांगा."

साहेबानं विचारलं, लोनं भाषांतर केलं. जन्म कुठे? लाबुआन. तिथून कधी आला? दोन वर्षांचा असताना. तेव्हापासून राहतो कुठे? नाय-ताउ. साहेबानं नाक पुसलं, लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"या काळात वसाहतीबाहेर गेलात का? पलीकडच्या किनाऱ्यावर?"

"हो," यिउ-सांग म्हणाला.

लोनं एकदम त्याच्याकडे बघितलं. "नीट आठवून सांगा," तो आपल्या भाषेत, हलक्या आवाजात म्हणाला. "एखाद्या लग्नाला वगैरे गेला असाल."

"लग्न माझंच होतं. पण तेवढंच कसं? कौलं पलीकडची, सा-चेंगच्या भट्टीची. कालवांचं बी पलीकडचं. मधला नाला होडीनं ओलांडायचा, कौलं भरायची, सासुरवाडीला पाय धुवायचे, चहा घ्यायचा, भरतीच्या आत परत."

"किती वेळा?" साहेबानं लोमार्फत विचारलं.

आ-ताय भिंतीला टेकून उभी होती. लोचा चेहरा तिला दिसत होता, बापाची फक्त पाठ. तिला कळलं की काहीतरी चुकीच्या दिशेला चाललंय. पण फळी जशी एकदा उतारावर लागली की थांबत नाही, तसं ते थांबणार नव्हतं. आणि बाप तर आता कामाबद्दल बोलत होता. कामाबद्दल त्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"दर ओहोटीला," यिउ-सांग म्हणाला. त्याला वाटलं, मेहनती माणूस असल्याचं हे चांगलं उत्तर आहे. "भांगाचे दिवस सोडून. तेव्हा पाणी उतरत नाही."

लोनं साहेबाच्या लेखणीकडे बघितलं. मग त्यानं भाषांतर केलं. साहेबानं लेखणी थांबवली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. त्यानं लिहिलं.

बाहेर आल्यावर लो म्हणाला, "तुम्ही एकदाही सलग सात वर्षं इथं राहिलेला नाहीत."

"मी एक रात्रसुद्धा बाहेर झोपलो नाही," यिउ-सांग म्हणाला.

"झोपण्याबद्दल कायद्यात काही नाही."

परतीच्या वाटेवर खाडी दिसू लागली तेव्हा भरती होती. पाणी सगळीकडे सारखं पसरलं होतं आणि त्यात कुठला काठ कुणाचा ते कळत नव्हतं.

*

अकराव्या महिन्याच्या अमावास्येला मोठी ओहोटी असते. त्या पहाटे पाणी इतकं मागं जातं की प्रत्येकाच्या पट्ट्याचा खुंट बुडापर्यंत उघडा पडतो. रीत अशी की पट्टा ज्याचा त्यानं आपल्या खुंटापाशी उभं राहायचं. लोय-पाक नावं पुकारतात, तो "आहे" म्हणतो, आणि पट्टा आणखी एक वर्ष त्याचा राहतो. तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर शेजारी तो खुंट उपटतो आणि पट्टा चिठ्ठ्यांत जातो. बाई उभी राहून चालत नाही. यावर कधी कुणी वाद घातला नव्हता, कारण कधी कुणावर तशी वेळ आली नव्हती.

"मी उतरतो," आदल्या दिवशी यिउ-सांग म्हणाला होता.

"आणि त्यांनी बघितलं तर?" आ-मानं विचारलं. "निकाल लागायचाय अजून. आतापर्यंत नीट वागलास. आता चार पावलांसाठी सगळं घालवणार?"

त्यानं आकडीचं लोखंड घेतलं आणि दगडावर घासायला बसला.

उजाडता उजाडता आ-ताय खुंटापाशी उभी होती, मांडीपर्यंत गाळात. मागं वळून तिनं बघितलं. पांढऱ्या रेघेवर बाप उभा होता, पायाची बोटं बरोबर चुन्याला लावून. त्यानं पायजमा गुडघ्यावर खोचला होता, उतरायच्या तयारीचा. टेकडीवर चौकीपाशी फेटा दिसत होता.

"चान यिउ-सांग," लोय-पाकनी पुकारलं.

काठावरून आवाज आला, "आहे!" वाऱ्यानं तो मागं नेला. खाजणात कुणालाच तो नीट ऐकू आला नाही.

"चान यिउ-सांग."

"आहेत," आ-ताय म्हणाली. "तिथं आहेत. दिसतायत."

कुणीतरी खोकलं. लोय-पाक बराच वेळ काठाकडे बघत राहिले. त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं नाही.

"दोनदा पुकारलंय," ते म्हणाले. "तिसरी हाक पुढच्या वर्षीच्या मोठ्या ओहोटीला. तोवर खुंट राहू दे. पण पुढच्या वेळी तो स्वतः हवा, पोरी. खुंटापाशी. मग माझ्या हातात काही नाही."

तिनं वाकून दोन्ही हात जोडले. घरी आल्यावर आ-मानं पूर्वजांना उदबत्ती लावली. डबा रिकामा होता, तरी एक काडी त्याच्यापुढेही खोचली.

चौथ्या दिवशी हुकूम आला. चान यिउ-सांग ही ब्रिटिश प्रजा या वसाहतीची नाही. ज्या जागेची आहे तिथं, म्हणजे लाबुआनला, तिला पाठवण्यात यावं. परत येऊ नये.

लो स्वतः घरी आला होता. आ-मानं त्याला चहा दिला. त्यानं तो घेतला नाही, पण पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"खाडीपार पाठवा," आ-मा म्हणाली. "साम-सुकला पाठवलं तसं. तिकडे माझा भाऊ आहे. इथून दिसेल तरी."

"तो चीनची प्रजा असता तर तसंच केलं असतं," लो म्हणाला. "राजाच्या प्रजेला परक्या मुलखात टाकता येत नाही. राजाच्याच मुलखात पाठवावं लागतं."

"तिथं याचं कोण आहे?"

"बाप आहे," यिउ-सांग कोपऱ्यातून म्हणाला. "खाणीत."

आ-ताय उठून परसात गेली. चटयांवर कालवं वाळत होती. ती एकेक उलटवू लागली. कोरडी बाजू खाली, ओली वर. सगळी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

*

जहाज शहराच्या धक्क्यावरून सुटणार होतं. निरोपाला एकाच माणसाला येऊ दिलं. आ-मा म्हणाली, "तू जा. मला नाही जमायचं."

यिउ-सांगनं धुतलेले कपडे घातले होते. पिशवीत वाळवलेली कालवं होती आणि ते आकडीचं लोखंड. लोखंड शिपायानं काढून घेतलं आणि आ-तायच्या हातात दिलं.

"गुडघा कसा आहे?" बापानं विचारलं.

"बरा आहे."

"फळीला पुढून दगड बांध. ओझं नसताना. म्हणजे सवय लागेल."

"आ-पा," ती म्हणाली. "मी तो कागद नेला नसता तर—"

"तिसऱ्या वर्षाची यंदा काढू नकोस," तो म्हणाला. "खांबानं दुखावलीत. आणखी एक हिवाळा राहू दे."

"मी नेला नसता तर तुम्ही पलीकडे असता."

त्यानं तिच्याकडे बघितलं. "तुझ्या आजीचा कागद होता," तो म्हणाला. "तिनं मला वाचवायलाच ठेवला होता. तू तेच केलंस. परत दिला का त्यांनी?"

"नाही. फाइलीत लावलाय."

"माग. तेवढा माग. आपल्या घरचा आहे."

शिपायानं घंटा झाली म्हणून खूण केली. यिउ-सांग फळकुटावरून वर चढला. ते अरुंद होतं, पण त्याचा पाय कुठं चुकला नाही. वरून त्यानं टोपी काढली आणि डोक्यावर उंच धरली. परत ये. मग आपण काय केलं ते ध्यानात येऊन त्यानं ती खाली घेतली.

ती तिथून थेट ठाण्यावर गेली. लोनं सांगितलं, फाइल बंद झाली, तिच्यातलं काही बाहेर देता येत नाही.

*

नव्या वर्षाच्या सातव्या महिन्यात पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं. लाबुआनच्या एका किराणा दुकानदारानं लिहिलं होतं. खाण पंचवीस वर्षांपूर्वीच बंद झाली. खाणीच्या जागी रान आहे. चान यिउ-सांग साबुदाण्याची पोती वाहायचे. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे. तिथं गाळ नाही, वाळू आहे. चौथ्या महिन्यात ताप आला, सहा दिवसांनी गेले. त्यांच्याच आडनावाच्या माणसांनी मिळून टेकडीवर पुरलं. खूण म्हणून कौल लावलंय.

आ-मानं पत्र दोनदा वाचून घेतलं. सात वर्षांनी हाडं उकरून, धुऊन, मडक्यात भरून गावी आणायची असतात. "आणता येतील का गं?" तिनं विचारलं.

आ-तायनं लोला जाऊन विचारलं. लोनं विचार करून सांगितलं की हुकूम माणसाविषयी आहे, हाडांविषयी त्यात काही नाही. पण जहाजावर ती घेऊन यायला कुणीतरी जायला हवं. आणि बाईला, एकटीला, परवाना मिळेल असं त्याला वाटत नव्हतं.

बांध झालाच नाही. कंपनीचा बेत बदलला म्हणे. धुऊन रचलेले खांब भूमिदेवामागे तसेच पडून होते. लाल रंगाला पोपडे आले होते.

अकराव्या महिन्याच्या अमावास्येला ती पुन्हा खुंटापाशी उभी राहिली. आवरून, स्वच्छ केस बांधून. मधल्या नाल्यापलीकडे साम-सुक फळीवर बसला होता. त्याच्या स्वतःच्या पट्ट्याचा खुंट गेल्याच वर्षी उपटला होता. यंदा त्यानं शीळ घातली नाही.

लोय-पाक पट्ट्यामागून पट्टा करत आले. कागद बघायची त्यांना गरज नव्हती.

"चान यिउ-सांग."

तिसरी हाक ती. ती गप्प राहिली. वाऱ्यानं आवाज काठाकडे नेला. काठावर चुन्याची रेघ पावसानं धुऊन गेली होती, पण कुठं होती ते तिला अजून दिसत होतं.

शेजारचा माणूस खुंटाकडे यायला निघाला.

"थांबा," ती म्हणाली. "मी काढते."

तो लोय-पाककडे बघू लागला. लोय-पाक दुसरीकडे बघू लागले.

तिनं दोन्ही हातांनी खुंट धरला आणि ओढला. तो हलला नाही. बापानं तिच्या जन्माच्या वर्षी ठोकलेला. दर वर्षी एक घाव घालून आत घेतलेला. तिनं गुडघे गाळात रुतवले, खांदा लावला, डावीकडे लोटला, उजवीकडे लोटला. कुणी पुढं आलं नाही. दूरवर पाणी परतू लागल्याची सळसळ ऐकू आली. माणसं एकेक करून फळ्या वळवू लागली. ती ओढत राहिली. पाणी तिच्या पोटरीला लागलं तेव्हा गाळानं एकदम सोडला आणि ती मागं बसली, खुंट मांडीवर घेऊन.

वरचा हातभर भाग उन्हापावसानं राखाडी झाला होता. खालचा सगळा, पार टोकापर्यंत, ठोकला त्या दिवशीसारखा पिवळा होता.

तिनं तो फळीवर आडवा ठेवला, गुडघा टेकला आणि भरतीच्या पुढं पुढं काठाकडे निघाली.

घरी आ-मानं पाट्यांमागचा रिकामा डबा बाजूला काढून जागा करून ठेवली होती. खुंट उंच होता, बसला नाही. वरून हातभर कापावा लागला. आ-तायनं करवत घेतली आणि राखाडी भाग कापून टाकला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं बोलावलं म्हणून ती त्याच्या पट्ट्यात मजूर म्हणून कौलं उलटायला गेली.